तळहाताचे दहा किलो

यंत्र जागं व्हायला तासभर लागतो. बटण दाबलं की आकडे लगेच दिसतात, पण ते झोपेतल्या माणसाच्या बोलण्याइतकेच भरवशाचे. आतलं सगळं हळूहळू उबेला येतं आणि मग कुठे आकडा एका जागी बूड टेकतो. तोपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही, अशी आमच्या वर्कशॉपची शिस्त आहे. मला आयुष्यात मनापासून आवडलेली शिस्त ही एकच.

वर्कशॉप म्हणजे घराच्या मागची, जमिनीत अर्धी उतरलेली खोली. उन्हाळा असो की थंडी, आतली हवा सारखीच. खिडकीला जाड पडदे आहेत आणि त्यांच्या फटीतून उजेडाची एक पट्टी फरशीवर पडते. ती सरकत सरकत टेबलाच्या पायाशी आली की समजायचं, यंत्र तापलं. दारावर बाबांच्या अक्षरात पाटी आहे, 'दार हळू लावा.' बाहेरून ट्रक गेला तरी आत आकडा शहारतो, त्यामुळे आम्ही सगळे तिथे पाय न वाजवता चालतो आणि कुजबुजत बोलतो. शाळेत असताना मला वाटायचं की माझे वडील एखाद्या झोपलेल्या माणसाची राखण करतात. अजूनही अर्धवट झोपेत असलो की तसंच वाटतं.

आमचा धंदा थोडक्यात सांगतो, कारण लोकांना वाटतं आम्ही रेडिओ दुरुस्त करतो. कारखान्यात मोठमोठे प्रेस असतात, क्रेन असतात, टांगलेल्या टाक्या असतात. कशावर किती जोर पडतोय ते कळावं म्हणून तिथे पोलादाचा एक ठोकळा बसवतात. त्याला लोडसेल म्हणतात. जोर पडला की ठोकळा दबतो, पण डोळ्याला दिसणारही नाही इतकाच. त्याच्या अंगाला चिकटवलेल्या पातळ पट्ट्यांना ते कळतं आणि त्या ते विजेच्या भाषेत सांगतात, तेही भिंतीपलीकडून कुणी पुटपुटावं इतक्या हळू. हे पुटपुटणं मोठं करून आकड्यात सांगणारी पेटी म्हणजे ॲम्प्लिफायर.

आता मोठं करून सांगायचं म्हटलं की प्रश्न येतो, किती मोठं? माझी आत्या प्रत्येक गोष्ट तिप्पट करून सांगते. तिच्या गल्लीत शंभर माणसं जमली म्हणजे तीसेक जमलेली असतात. पण आत्या नेमाने तिप्पटच करते, त्यामुळे घरात कुणाचं काही अडत नाही. मनातल्या मनात तीनने भागलं की झालं. बाबा म्हणतात, "माझी बहीण कॅलिब्रेट करून मिळालेली आहे." खरी भीती असते ती आज तिप्पट आणि उद्या चौपट सांगणाऱ्याची. अशा पेट्यांना ताळ्यावर आणणं, म्हणजेच कॅलिब्रेट करणं, हे आमचं काम. पेटीला पुढून दोन बारीक भोकं असतात, आत दोन स्क्रू. एक झिरोचा, म्हणजे ठोकळ्यावर काही नसेल तेव्हा पेटीने 'काही नाही' म्हणावं. दुसरा स्पॅनचा, म्हणजे दहा किलो ठेवले तर तिने दहाच म्हणावं.

'आमचं काम' असं मी म्हणतो खरं, पण ते बाबा करतात आणि माझी बायको करते. मी खोकी उचलतो, गाडी चालवतो, बिलं पोचवतो. बाबांनी माझं नाव हमाल ठेवलंय. एकदा तरुणपणी त्यांनी माझ्या हातात बारीक स्क्रूड्रायव्हर दिला होता. त्या दिवशी मी जी पेटी जुळवली ती नंतर हसत सुटल्यासारखे आकडे दाखवायची. त्यावर बाबांनी स्क्रूड्रायव्हर परत घेतला. पुढे त्यांनी कामाला एक मुलगी ठेवली. तिचे हात शांत होते आणि जीभ तिखट होती. मी तिच्याशी लग्न केलं, पण तिने आधीची नोकरी सोडली नाही. कधीकधी मला वाटतं, घरात ती बाबांची आहे आणि मी नात्याने लागतो.

तर, तो सकाळचा तास. बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून बसायचे. बायको उंच स्टुलावर, पाय आडव्या दांडीवर, हातात चहाचा कप. मी कोपऱ्यातल्या रिकाम्या खोक्यांवर आडवा. कुणी बोलायचं नाही. पेटीच्या पोटातून बारीक गुणगुण यायची आणि माझे डोळे जड व्हायचे. त्या झोपेत मला फार हलकी स्वप्नं पडायची. एकदा स्वप्नात घरातल्या सगळ्या वस्तूंचं वजन नाहीसं झालं होतं. खुर्च्या, भांडी, आईचा फोटो, सगळं संथपणे वर तरंगत होतं, आणि बाबा टेबलावर तळहात टेकवून घराला खाली धरून उभे होते. जागा झालो तेव्हा बाबा खरोखरच टेबलाशी उभे होते आणि त्यांचा हात ठोकळ्यावर होता.

त्या हाताबद्दल सांगायला हवं. यंत्र तापलं की बाबा उठायचे, उजवा तळहात टेबलावरच्या, पेटीला जोडलेल्या ठोकळ्यावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि दाबायचे. मग विचारायचे, "किती?" बायको आकडा वाचायची, "दहा." ते डोळे उघडून स्वतः एकदा बघायचे, मान हलवायचे आणि कामाला लागायचे. आकडा जरा इकडेतिकडे थरथरायचा, पण टेकायचा दहावरच. मी लहान असल्यापासून हे बघत आलोय. सुरुवातीला ती गंमत होती, पाहुण्यांना दाखवायची. कारखान्यांचे फोरमन पैजा लावायचे आणि हरायचे. सगळ्या औद्योगिक वसाहतीत बाबांना 'दहा किलो' म्हणून ओळखायचे. 'दहा किलो आहेत का घरात?' असं विचारत माणसं यायची आणि नवा पोस्टमन बुचकळ्यात पडायचा. हळूहळू त्या गमतीची सवय झाली आणि सवयीचा नेम. हात दहा म्हणाला की दिवस सुरू. मग खरी वजनं निघायची, मखमलीच्या पेटीतून, हातमोजे घालून, आणि खरं काम व्हायचं.

ती खरी वजनं थंडीच्या सुरुवातीला तपासणीला गेली. वजनांनाही कुणीतरी मोजावं लागतं, त्याला मोठी प्रयोगशाळा आहे. मीच पोचवून आलो. तिथल्या बाईंनी सांगितलं की त्यांची इमारत दुरुस्तीला काढलीय, वेळ लागेल. किती, ते त्यांनाही माहीत नव्हतं. बाबांनी घरी येऊन जाहीर केलं, वजनं येईपर्यंत पेटी बरोबर असल्याचा एकही दाखला कुणाला द्यायचा नाही. फक्त दुरुस्त्या घ्यायच्या. गिऱ्हाइकं कुरकुरली, बाबांनी त्यांना भीक घातली नाही. त्या थंडीत वर्कशॉप अगदी निवांत झालं. सकाळचा तास लांबत लांबत जेवणापर्यंत जायचा. आणि आमच्या टेबलावरची जुनी पेटी ताडून बघायला उरला तो फक्त बाबांचा हात.

ही जुनी पेटी बाबांनी धंदा सुरू केला तेव्हाची. करड्या रंगाची, कोपरे झिजलेली. बाबांचा तिच्यावर इतका जीव की तिच्याशी बोलताना आवाज मऊ व्हायचा, जो आमच्याशी बोलताना फारसा होत नसे.

त्याच थंडीत कधीतरी, अर्ध्या झोपेत, मी ते पहिल्यांदा पाहिलं. बाबांचा हात ठोकळ्यावर होता, डोळे मिटलेले. बायको स्टुलावरून वाकली, स्क्रूड्रायव्हर पेटीच्या भोकात घातला, किंचित फिरवला आणि मग म्हणाली, "दहा." मला वाटलं, स्वप्नातच आहे. मी कूस बदलली. पुन्हा केव्हातरी तसंच दिसलं, आणि पुन्हा. तो स्क्रूड्रायव्हर माझ्या झोपेत इतका सहज आत-बाहेर करू लागला की त्याचं नवल वाटेनासं झालं. उजेडाची पट्टी, गुणगुण, मिटलेले डोळे, किंचित फिरणारं मनगट. बघायला फार सुंदर होतं ते. मी त्यावर एक शब्दही विचारला नाही, कारण विचारण्यासाठी उठून बसावं लागलं असतं.

एकदा गाडीत तिनेच सांगितलं.

"बाबांना बोलू नकोस हं. पेटी गेलीय."

"गेली म्हणजे?"

"म्हातारी झाली. दर थोड्या दिवसांनी कमी दाखवते. हात तोच, आणि ही म्हणते नऊ पॉइंट आठ. मी स्पॅन वाढवत राहते. आतले दोन भागसुद्धा बदलले गुपचूप, तरी तेच."

"मग सांग ना त्यांना."

"वेडा आहेस का? त्या पेटीचं काही झालेलं त्यांना सोसणार नाही. आईंनंतर हीच तर आहे." मग म्हणाली, "चालतंय तोवर चालवू. मी आहे ना सांभाळायला."

मला तिचं कौतुक वाटलं. खरंच वाटलं. ज्या बाईला माझ्या साध्या सर्दीची कधी दया आली नाही, ती एका लोखंडी पेटीचं म्हातारपण झाकत होती, तेही माझ्या बापाला वाईट वाटू नये म्हणून. मी गाडी चालवता चालवता तिच्या हातावर हात ठेवला. ती म्हणाली, समोर बघ.

वजनं परत आली तेव्हा ऊन कडक झालं होतं. दुपारची वेळ, बाबा वर झोपलेले. मी वजनांची पेटी उचलून खाली आणली, बायकोने मोहोर तपासून तोडली. मखमलीत वजनं होती तशीच बसलेली, गार आणि चकचकीत. तिने हातमोजे घातले. टेबलावरचं जुनं यंत्र सकाळपासून चालूच होतं, छान तापलेलं. तिने दहा किलोचं वजन दोन्ही हातांनी उचललं, एखादं बाळ ठेवावं तसं ठोकळ्यावर ठेवलं आणि बाजूला झाली.

आकडा चढत गेला, थांबला. अकरा पूर्णांक सहा.

"वजन बदललं त्यांनी," ती लगेच म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं दिलं."

वजनावर बाबांनी कोरलेली खूण होती. ती तिने पाहिली आणि वजन उतरवलं. आकडा बरोबर शून्यावर आला. मग पाच किलो ठेवलं. पाच पूर्णांक आठ. दोन किलो ठेवलं. त्यालाही तितकंच वाढवून. कुठलंही वजन ठेवा, पेटी आत्यासारखी नेमाने वाढवून सांगत होती. बायको पुन्हा पुन्हा वजनं ठेवत राहिली. खोलीत एवढी शांतता होती की वजन टेकल्याचा आवाज मला पोटात ऐकू यायचा. मला वाटलं, झोपेतलंच काहीतरी चाललंय, आता कुणीतरी हाक मारेल.

शेवटी तिने हातमोजे काढले आणि फरशीवरच बसली.

"पेटी ठणठणीत आहे रे," ती म्हणाली. "पहिल्यापासून ठणठणीत होती. मी हाताला विचारून तिला फिरवत होते."

मला कळायला वेळ लागला. माझं डोकं आधीच सावकाश तापतं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग मला समजलं. पेटी खरं सांगत होती. कमी होत होता तो हात. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत, रोज केसाएवढा. बाबा ज्याला दहा समजून दाबत होते ते दहा उरलेच नव्हते.

"यंत्रावर संशय आला मला," ती म्हणाली. "हातावर आलाच नाही. इतकी वर्षं झाली, तो हात कधी चुकला नाही. तो चुकेल हे डोक्यातच आलं नाही माझ्या."

"वय झालं त्यांचं. होतं असं."

"एका थंडीत? आणि एकाच हाताचं?" तिचा आवाज चढला आणि आकडा शहारला. ती पुन्हा कुजबुजीवर आली. "नस दाबली असेल. किंवा आणखी काही. लवकर कळलं असतं तर डॉक्टरने काहीतरी केलं असतं. आपण अख्खी थंडी घालवली."

'आपण' म्हणाली ती. तिचा मोठेपणा, कारण मी तर त्या वेळी झोपलेला होतो.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आम्ही पुन्हा त्यावरच आलो. बाहेरच्या खोलीत बाबा रेडिओ ऐकत होते, आवाज मोठा. मी बिनकण्याच्या माणसासारखं एक सुचवलं, की पेटी आत्ता आहे तशीच राहू दे. कामाला नवी घेऊ. सकाळी जुन्या पेटीवर त्यांचे दहा होत राहतील, आणि आपण दुसऱ्याच काहीतरी कारणाने त्यांना डॉक्टरकडे नेऊ. डोळे तपासायला, वगैरे.

"ते येणार नाहीत," ती म्हणाली. "तुला माहीत आहे. दाढ किडली तेव्हा सहा महिने लवंग चावत बसले, पण गेले नाहीत. हात बरा नाही असं त्यांना स्वतःला पटल्याशिवाय ते हलणार नाहीत. आणि त्यांना पटवणारं ह्या घरात एकच आहे, ते यंत्र." मग ती भांडी पुसता पुसता थांबली. "ते मी खोटं करून ठेवलंय."

ती तशीच खाली गेली. मी मागोमाग गेलो. तिने दहा किलोचं वजन ठेवलं आणि स्पॅनचा स्क्रू उलटा फिरवायला घेतला. थंडीभर जो एवढा एवढासा फिरला होता तो आता फेऱ्यामागून फेरा परत येत होता. अकरा, दहा पूर्णांक आठ, दहा पूर्णांक तीन. दहा. तिने स्क्रूवर रंगाचा थेंब सोडला, म्हणजे तो पुन्हा हलणार नाही. आमच्याकडे काम पुरं झालं की तसं करतात.

"उद्या तू सांगशील का त्यांना?" तिने विचारलं.

"मी? मी हमाल."

"माझ्या तोंडून निघणार नाही रे."

मला तिचा राग आला, मग स्वतःचा आला, मग कुणाचाच येईना. आम्ही दिवा मालवून वर आलो.

सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे बटण दाबलं आणि आरामखुर्चीत बसले. मी खोक्यांवर आडवा झालो, पण त्या दिवशी झोप माझ्याजवळ फिरकलीच नाही. जागेपणी तो तास मी पहिल्यांदाच बघितला. उजेडाची पट्टी सरकताना दिसत नाही, पण नजर हलवून परत आणली की ती पुढे गेलेली असते. बाबांचा उजवा हात त्यांच्या मांडीवर होता. डाव्या हाताने ते उजव्या हाताची बोटं एकेक करून चोळत होते, करंगळीपासून. डोळे मिटलेले. रोज चोळत असणार. मी त्यांच्यापासून दोन हातांवर झोपलेला असायचो.

पट्टी टेबलाशी आली. बाबा उठले. तळहात ठोकळ्यावर, डोळे बंद.

"किती?"

बायकोने आकड्याकडे पाहिलं. मला आकडा दिसत होता. आठ पूर्णांक सहा. तिच्या ओठांवर दहा आलेलं मला दिसलं, इतकं स्पष्ट की मी ते जवळजवळ ऐकलंच. ती म्हणाली असती तर मी गप्प राहिलो असतो. त्या क्षणी मला तेच हवं होतं, हे मी लपवत नाही. आणखी एक सकाळ, एवढंच.

"आठ पॉइंट सहा, बाबा."

बाबांनी डोळे उघडले नाहीत. हात तसाच. जरा वेळाने खांदा किंचित पुढे आला.

"आता?"

"नऊ."

"आता?"

"साडेनऊ."

त्यांच्या मानेवरची शीर फुगली. कोपर थरथरायला लागलं, आणि त्याच्याबरोबर आकडाही.

"आता?"

"दहा. दहा झाले, बाबा. पुरे."

"हे दहा?" ते म्हणाले. एखाद्या अनोळखी माणसाला आपलं म्हणून हाक मारावी आणि त्याने वळून बघावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. "एवढं जड?"

त्यांनी हात काढला. डोळे उघडले. पेटीकडे न बघता स्क्रूकडे बघितलं, त्यावरच्या ताज्या रंगाच्या थेंबाकडे.

"वजनं आली?"

"काल."

"आणि पेटी किती दाखवत होती?"

"अकरा पॉइंट सहा."

बाबांना समजायला क्षणही लागला नाही. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "हाताला विचारून यंत्र फिरवलंस? हे शिकवलं मी तुला? माणसाच्या हाताला? अगं, पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं, मोजणाऱ्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही, मोजलेल्यावर ठेवायचा!" वर्कशॉपमध्ये त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. आकडे पाचोळ्यासारखे भिरभिरले. "आणि मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, पेटी म्हातारी झाली. तुम्हाला वाईट वाटेल."

ती रडत होती. आमच्या लग्नानंतर मी तिला फार कमी वेळा रडताना पाहिलंय आणि प्रत्येक वेळी मला काय करावं ते सुचलेलं नाही. बाबा तिच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांचा सगळा जोर ओसरल्यासारखा झाला आणि ते मागे सरकून खुर्चीत बसले.

"मुंग्या येतात," ते म्हणाले. आवाज परत खोलीच्या मापाचा झाला होता. "थंडीपासून. ही दोन बोटं तर जागीच नसतात. कप सुटला हातातून, मी म्हटलं कान ओला होता. शर्टाची बटणं लागेनात, मी म्हटलं काजं लहान शिवलीत. म्हणून हे बिनबटणाचे सदरे."

आम्ही दोघंही त्या सदऱ्याकडे बघत राहिलो. थंडीपासून ते सदरे घालत होते. आम्हाला वाटलं होतं, आवड बदलली.

"रोज सकाळी उठताना वाटायचं, आज डॉक्टरकडे जावं. अगदी रोज. मग खाली यायचो, हात ठेवायचो, आणि पेटी म्हणायची दहा." ते थांबले. "मग म्हणायचो, पेटी कशी खोटं सांगेल? हाताला काही झालेलं नाही. मनाचे खेळ आहेत, म्हाताऱ्याचे. आणि कामाला लागायचो."

मी त्या दोघांकडे आळीपाळीने बघत होतो. ती त्यांच्या हातावर विसंबून होती आणि ते तिच्या यंत्रावर, आणि दोघांनी मिळून अख्खी थंडी एकमेकांना दहा, दहा म्हणून धीर दिला होता. इतकी माया आणि इतकं नुकसान मी एका जागी कधी बघितलं नव्हतं. आणि बघत होतो तर मी एकटाच, रोज, खोक्यांवर पडून.

"माझं चुकलं, बाबा," बायको म्हणाली.

"माझंही," बाबा म्हणाले. "तू हाताला विचारून यंत्र फिरवलंस, मी यंत्राला विचारून हात बरा ठरवला. दोघं सारखेच गाढव." त्यांनी हसायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावर राहिला. मग त्यांनी आपला उजवा हात उजेडाच्या पट्टीत धरून उलटसुलट करून पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे मांसल फुगवटा असतो, तिथे खळगा पडला होता. आता तो मलाही दिसला. "घाबरलोय मी," ते अगदी साधेपणाने म्हणाले. "फार घाबरलोय."

मी उठलो. त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिलो. आजवर मी त्यांना खोकी उचलून दिली, दारं उघडून दिली, गाडी काढून दिली. ते कधी घाबरू शकतात याची मला कल्पनाच नव्हती.

"बाबा, जाऊ या," मी म्हणालो. "आत्ताच. मी गाडी काढतो."

मला वाटलं ते नाही म्हणतील. त्यांनी एकदा पेटीकडे बघितलं. मग म्हणाले, "ह्या सदऱ्यात नाही येणार मी. माणसासारखा शर्ट घालीन."

बायकोने वरून त्यांचा पांढरा शर्ट आणला, घडी न मोडलेला. त्यांनी सदरा काढला, शर्ट चढवला आणि बटणांपाशी येऊन थांबले. ती पुढे झाली, पण तिचे हात इतके कापत होते की पहिलंच बटण काजातून निसटलं. जगातले सर्वांत शांत हात. तिने माझ्याकडे बघितलं.

मी खालून सुरुवात केली. बटणं बारीक होती आणि माझी बोटं जाडजूड. बाबा मान वर करून छताकडे बघत उभे होते. त्यांचा श्वास माझ्या कपाळावर लागत होता. एक लागलं, दुसरं लागलं. तिसरं चुकीच्या काजात गेलं, ते काढून पुन्हा लावलं. ते थांबून राहिले. मागे पेटीचा आकडा शून्यावर स्थिर होता, बायको नाक पुसत होती. मी गळ्यापर्यंत पोचलो.

"वरचं राहू दे," बाबा म्हणाले. "आवळतं."